मांडवाआधी बोलावलेले देव

तिचा मास्क हलायचा. सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं ते एवढंच.

आमच्या पॅकिंग हॉलमध्ये डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात पांढरा झगा आणि हातात मोजे. बारा जणी एका ओळीत बसल्या की कोण कुठली हे त्यांच्या आयांनाही ओळखता येऊ नये. मशीनमधून गोळ्यांच्या स्ट्रिपा खटाखट बाहेर पडतात, बायका त्या उचलतात, एखादा कप्पा रिकामा दिसला तर ती स्ट्रिप बाजूला टाकतात आणि बाकीच्या खोक्यात भरतात. माझं काम त्यांच्या मागून फिरायचं आणि चुका शोधायच्या. इतकी वर्षं हेच केल्यामुळे मला घरीदारीही चुकाच दिसतात, असं माझा नवरा म्हणतो. तर त्या दिवशी अकरा मास्क शांत होते आणि शेवटून दुसरा सारखा आतबाहेर होत होता. मला वाटलं, पोरीला दम्याचा झटका आला. मी धावत जवळ गेले, तर मशीनच्या आवाजाखाली बारीक पुटपुट चाललेली.

"काय गं, काय चाललंय?"

"काय नाय मॅडम." मास्क थांबला.

"जप करतेस की काय?"

"नाय मॅडम. रॅप."

मी तिला ठणकावून सांगितलं की कंपनीत रॅप चालत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो लिहायची वेळ तोवर कोणावर आलीच नव्हती.

आता ती बोईसरमध्ये बऱ्यापैकी माहीत आहे. आमच्या कंपनीच्या बसमधली पोरं तिची गाणी मोबाइलवर लावतात आणि ही आमच्या लाइनवर होती म्हणून माझ्याकडे बघतात. तिने स्टेजसाठी घेतलेलं नाव मी सांगणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत तिने चार नावं बदलली, त्यातलं कुठलं आता चालू आहे याची मलाच खात्री नाही.

तेव्हा ती बावीस-तेवीसची असेल. उंच, काटकुळी, चालताना कायम बस सुटतेय अशी घाई. तिचा पाडा वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. सरावलीत दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायची. जेवणाच्या सुट्टीत ती कधी बसायची नाही. भाकरीची गुंडाळी हातात धरून पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारत जेवायची. "बसून खाल्लं का शब्द पण खाली बसतात मॅडम," हे तिचं शास्त्र. ते ऐकून एकदा मीही डबा घेऊन टाकीभोवती फिरले. शब्द सुचले नाहीत, आमटी मात्र साडीवर सांडली.

हॉलमध्ये फोन न्यायला बंदी, कागद-पेन्सिलही नाही. मग ही ओळी ठेवायची कुठे? तर बोटांच्या पेरांवर. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, बारा ओळी. मोज्याच्या आतून अंगठा सरकत असायचा. मध्येच मी काही विचारलं की अंगठा तिथेच दाबून धरायची आणि म्हणायची, "मॅडम, लवकर बोला. नवव्या ओळीवर हाय."

पण हातचं काम चुकायचं नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे. उलट एक विचित्र गोष्ट होती. कधीकधी ती आपली मान वर करायची आणि म्हणायची, "आता रिकामी येणार." आणि चार-पाच स्ट्रिपांनंतर खरोखरच रिकाम्या कप्प्याची स्ट्रिप यायची. मशीनचा ठोका किंचित घसरतो तो तिला ऐकू यायचा. मशीनचा मेकॅनिक गोरखपूरकडचा, तो हात जोडायचा, "मैडम, सेन्सर से पहले इसको पता चलता है।" माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. मी एक अख्खी पाळी वही घेऊन तिच्या मागे उभी राहिले. ती दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा मी तिच्याशी बोलत होते.

तेव्हापासून माझी उत्सुकता चाळवली ती चाळवलीच. हे हिला आलं कुठून? मी पालघरची, शिकलेल्या घरातली. डोंगराकडच्या माणसांना संगीत म्हणजे तारपा, एवढी माझी अक्कल. मी एकदा जाणकार चेहरा करून विचारलं, "तुमच्याकडे तारपा असतो ना? त्याचा परिणाम असेल."

"सगळे तेच इचारतात," ती म्हणाली. "आमच्या पाड्यात तारपा वाजवणारा एकच म्हातारा होता मॅडम. त्यो पण बेसूर."

मग तिने मला वीटभट्टी सांगितली. दिवाळी झाली की तिचे आईबाप भिवंडीकडच्या भट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. ही आणि तिचा भाऊ बरोबर. शाळा अर्धं वर्ष पाड्यात, अर्धं वर्ष कुठेच नाही. समोरासमोर बसून आईबाप विटा पाडायचे आणि ही दोघांच्या मध्ये गोणपाटावर. कॅन्टीनच्या टेबलावर तिने मला करून दाखवलं. मातीचा गोळा उचलायचा, साच्यात आपटायचा, वरून हात फिरवायचा, साचा उलटा करून वीट सोडायची. उचल, आपट, फिरव, सोड. तिने हाताने टेबलावर ठेका धरला तसं आजूबाजूच्या बायकांचं जेवण थांबलं.

"चौथ्याला आवाज येत नाय," ती म्हणाली. "वीट सुटते ती गपचूप सुटते. गाण्यात पण तठं काय भरायचं नाय. आईचा न् बापाचा ठेका येगळा होता, दोन्ही कधीतरी एका जागेला यायचे. मी त्याची वाट बघत झोपायची."

माझ्या मुलाला तालाची समज यावी म्हणून मी त्याला चार वर्षं कीबोर्डच्या क्लासला सोडत होते. ते मला त्या वेळी आठवलं. वाईट वाटलं, आणि का वाटलं ते नीट कळलंही नाही.

पण ऐकायला एवढा तयार कान असून सुरुवातीचं तिचं रॅप भयंकर होतं, हेही सांगायला हवं. सगळं हिंदीत. त्यात काळी गाडी, गळ्यात साखळी, सारं शहर माझं, दुश्मन जळले. मी विचारलं, "ही काळी गाडी कुठली?"

"कंपनीची बस मॅडम."

"ती तर पांढरी आहे."

"हां, पन पांढरीला यमक बसत नाय."

मी तिला म्हटलं, तुझ्या भाषेत लिही. इथवर ठीक होतं. पण मी तिथे थांबले असते तर मी कसली! शाळेत असताना मी वक्तृत्वाची ढाल मिळवली होती, तो किडा अजून मेलेला नाही. तिने लिहून आणलं की मी लाल पेन काढायची. 'हाय' खोडून 'आहे', 'नाय' खोडून 'नाही', 'आमी'चं 'आम्ही'. बिचारीने सगळं मुकाट पाठ केलं आणि एका शनिवारी कॅन्टीनमध्ये बायकांसमोर म्हणून दाखवलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एकीने विचारलं, "निवडणूक आली काय गे?"

त्या दिवशी मी लाल पेन पर्समध्ये टाकलं आणि पुन्हा तिच्या कागदाला लावलं नाही.

दुसरा धक्का तिला घिवलीत बसला. तिथे समुद्राकाठच्या मैदानावर क्रिकेटचे सामने होते आणि दोन डावांच्या मध्ये पोरांनी हिला माइक दिला. तेव्हा तिला स्वतःच्या वेगाचा फार माज होता. एका श्वासात किती शब्द मावतात यावर तिची सगळी इज्जत उभी. तिने झोडून काढलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. तेवढ्यात बाजूच्या बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणारी एक बाई माइकशिवाय, पण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गो बाय, येवढ्या जोरात बोलतंस, पन इकतंस काय?"

मैदान हसून लोळलं. हिने त्यावर उलट चार ओळी फेकल्या. बाईने बोंबील वाळत घालता घालता नुसतं विचारलं, "झालां?" आणि पुन्हा हशा.

सोमवारी ती लाइनवर आली ती उड्या मारतच. मला वाटलं जिंकून आली. "मॅडम, मी हरले!" तिचे डोळे लकाकत होते. "तिनं दोन वेळा तोंड उघडलं न् मला गपगार केलं. मंग ती थांबली. मॅडम, थांबली कशी ते तुमी बघायला पाहिजे होतं!"

पुढचे कित्येक रविवार ती बोईसरच्या मच्छी बाजारात जाऊन नुसती उभी राहायची. मासे घ्यायचे नाहीत, भाव करायचा नाही. कोळणी बोलतात कशा ते ऐकायचं. एकीने तिला चोर समजून हाकललं, दुसरीने दया येऊन मूठभर जवळा दिला. त्या बायका एक वाक्य टाकतात आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत गप्प राहतात, त्या गप्प राहण्यात सगळी जादू आहे, असं तिचं निरीक्षण. तिच्या ओळींत हळूहळू मोकळी जागा यायला लागली. बोली तिचीच राहिली. कॅन्टीनमधल्या बायका निवडणूक विसरल्या आणि "ती परवाची म्हण ना गे" असं म्हणू लागल्या. पण त्या बोंबीलवाल्या बाईचा प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हता. विकतेस काय? आपल्याकडे असं आहे काय जे दुसऱ्या कोणाकडे नाही?

एक दिवस ती मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या लग्नात देवांना कोणी बोलावलं?"

"पत्रिका छापली होती की. वरती गणपती होता."

"म्हंजे कोणी तोंडानं नाय बोलावलं?"

"भटजींनी बोलावलं असेल. मी दागिने सांभाळत होते."

तिला माझी कीव आली, हे मला स्पष्ट दिसलं. मग तिने मला आतेबद्दल सांगितलं. तिच्या बापाची थोरली बहीण धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, लग्न लावते ती धवलेरी. ती गाण्यातून एकेका देवाला बोलावते, बसवते, पाड्याची सगळी हकिगत सांगते आणि नवरानवरीला एकत्र करते. हे गाणं दिवसचे दिवस चालतं, सगळं तोंडपाठ. ती आली नाही तर लग्न लागत नाही. आतेला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. भट्टीवरून परतल्यावर पावसाळाभर ही आतेच्या घरी असायची. जगातल्या कोणाचीही वाहवा हिला पुरत नव्हती, एका आतेने 'बरं हाय' म्हणावं एवढंच तिला हवं होतं. आणि आतेने तिचं रॅप एकदा ऐकून विचारलं होतं, "कोणाशी भांडतेस?"

तर त्या आतेच्या गाण्यातल्या देवांना बोलावायच्या चार ओळी हिने घेतल्या आणि त्यांच्या आजूबाजूला आपलं रॅप रचलं. भट्टी, पाडा, मशीन, सरावलीची खोली, सगळं त्यात होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन फोनवर रेकॉर्ड केलं. मशीनचा ठेका तिने तोंडानेच वाजवला होता. घामाघूम होऊन केलेलं ते गाणं तिने मला बसस्टॉपवर ऐकवलं. त्या चार ओळी अशा होत्या:

ये गे धरतरी, ये गे कणसरी,
मांडव झाला, सावली झाली,
पाट मांडला, पाणी ठेवलं,
ये गे, बसाया ये.

धरतरी म्हणजे जमीन आणि कणसरी म्हणजे धान्य, दोघी त्यांच्या देवी. त्या ओळी आल्या तेव्हा मी बसस्टॉपवर उभी राहून रडले, हे मी लपवत नाही. मी ते गाणं माझ्या फोनवर मागून घेतलं.

"कोणाला देऊ नका मॅडम," ती म्हणाली. "आधी आतेला इचारायचं हाय."

मी हो म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी आमच्या लाइनच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'आपल्या मुलीचं गाणं, सगळ्यांनी ऐका.' वाईट हेतू नव्हता. कौतुक पोटात मावत नव्हतं. पण चुका शोधायचा पगार घेणाऱ्या बाईने एवढी मोठी चूक करावी, याला काय म्हणायचं?

लाइनवरच्या एकीचं माहेर हिच्या शेजारच्या पाड्यातलं. गाणं ग्रुपवरून तिच्या भावाकडे, भावाकडून पाड्यात, तिथून सगळीकडे गेलं. श्रावणाचे दिवस. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेटवरून निरोप आला की हिला भेटायला कोणीतरी आलंय.

मी गेटवरच्या केबिनमध्ये सही करायचं निमित्त काढून उभी राहिले. बाहेर एक लहानशी, वाळकी बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, पाय चिखलाने भरलेले. ती ओरडली नाही, रागावल्यासारखीही दिसत नव्हती. खरंच काहीतरी विचारायला आल्यासारखी दिसत होती.

"मांडव झाला म्हणालीस," ती म्हणाली. "कठं झाला?"

पोरीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पाट मांडला म्हणालीस. कठं हाय पाट?"

"आते, ते गाणं हाय..."

"गाणंच हाय ना. गाण्यानंच येतात ते." आतेने तिच्याकडे वर बघितलं, कारण पोरगी तिच्यापेक्षा हातभर उंच होती. "ते आले असतील. तू बोलावलंस म्हंजे आले असतील. आता कठं बसवशील त्यांना? हे पोरांचे फोन वाजतात तवा तवा ते येतात न् उभे ऱ्हातात."

मांडव नसताना देवांना बोलावायचं नाही, हा आतेचा नियम पोरीला लहानपणापासून ठाऊक होता. तिचा हिशेब असा की रॅपमध्ये म्हटलं म्हणजे ते बोलावणं होत नाही. आते एवढंच बोलून वळली आणि चालायला लागली. मी बाहेर जाऊन 'चूक माझी आहे' असं तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. मी सही केली आणि आत गेले.

तिने सगळ्यांना ते गाणं काढायला लावलं, पण पसरलेलं परत गोळा होत नाही. आतेने तिच्याशी बोलणं सोडलं. आणि शेवटून दुसरा मास्क हलायचा थांबला. पोरगी कामावर यायची, स्ट्रिपा भरायची, कॅन्टीनमध्ये चक्क बसून जेवायची. मी माफी मागितली तर म्हणाली, "तुमी पाठवलं नसतं तर मी पाठवलं असतं मॅडम. मला धीर नव्हता." हे तिने माझ्या समाधानासाठी म्हटलं की खरंच, ते मला आजही माहीत नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. घिवलीच्या पोरांनी पुन्हा बोलावलं, ती गेली नाही. मशीन रिकामी स्ट्रिप सोडायचं तेव्हा तिला कळत असणार, पण ती मान वर करायची नाही.

उन्हाळ्यात एक दिवस ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि एक तारीख सांगून म्हणाली, "त्या दिवशी मला ड्युटी लावा."

"लोक सुट्टी मागतात. तू ड्युटी मागतेस?"

"आईबापाचं लगीन हाय."

मला क्षणभर कळेना. मग तिने सांगितलं. त्यांच्यात बरीच माणसं आधी एकत्र राहायला लागतात, आणि लग्न जमेल तेव्हा, वर्षांनी करतात. तिच्या आईबापांचं राहूनच गेलं होतं. पोरं मोठी झाली. आता भावाचं लग्न ठरलं, आणि आईबापाचं झाल्याशिवाय मुलाचं लावता येत नाही. धवलेरी अर्थातच आते. आईने निरोप पाठवला होता, ये, पण मांडवात पाय टाकू नको, आते गायची थांबली तर लगीन मोडंल.

"ड्युटी असली का लोकांना सांगता येतं," ती म्हणाली. "मांडवात बोलावलं नाय असं सांगावं लागत नाय."

मी तिला ड्युटी लावली नाही. माझीही सुट्टी टाकली आणि म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. बघू काय होतं ते.

वैशाखातली सकाळ. अंगणात बांबूचा मांडव, वरती जांभळीच्या डहाळ्या. घरात भिंतीवर लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चित्र, लिहून झाला होता, तांदळाच्या पिठाचे बायकांचे हात अजून पांढरे होते. नवरी पन्नाशीला टेकलेली, हळदीने पिवळी, आणि पोरीबाळींनी चिडवलं की पदर तोंडात कोंबून हसत होती. नवरा ओशाळून खांबाला टेकून उभा. त्याचा मुलगा येताजाता त्याला म्हणत होता, "बाबा, पळून जायचं नाय हां." एवढं लाजणारं जोडपं मी माझ्या नात्यातल्या एकाही लग्नात पाहिलेलं नाही.

मी आतेला शोधून काढलं. ती घराच्या मागे सुपात तांदूळ पाखडत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, की गाणं मी पाठवलं, तिने नको म्हटलं होतं, तिचा दोष नाही.

आतेने सूप थांबवलं नाही. "तू फोन पाठवलास बाय," ती म्हणाली. "बोलावलं तिनं."

एवढंच. मी परत आले. मांडवाच्या बाहेर, कुडाच्या पलीकडे पोरगी उन्हात उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सावलीत ये असं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी ती गेली नसती.

दुपारी आते बसली. मागे साथीला दोन बायका. तिचा आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता. एका सुरात, घाई न करता, समोर बसलेल्या माणसाला हकिगत सांगावी तसं ती म्हणत होती. बायका ओळ झेलत होत्या. पोरगी ओठ घट्ट मिटून ऐकत होती. मग ते आलं. आतेने श्वास घेतला, आता देवांना बोलवायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आते थांबली.

साथीच्या बायका थांबल्या. नवरीचं हसू गेलं. बाप खांबापासून सरळ झाला.  मला वाटलं, आपण आलो म्हणून हे लग्न मोडणार. मी पोरीचा हात ओढून म्हटलं, "चल, निघू या."

"ती कठं हाय?" आते म्हणाली.

 सगळ्यांनी कुडाकडे पाहिलं.

"बोलावलेले उभे हायत श्रावणापासून. मी काय नवीन बोलावू?" आते म्हणाली. "जिनं बोलावलं तिनं बसवायचं. ये आत."

पोरगी आत गेली. तिच्या पायातली ती नेहमीची घाई कुठे गेली होती कोण जाणे. आतेच्या समोर उभी राहिली. मोठ्या मैदानावर बेधडक माइक हाती घेणारी ही मुलगी, तिचा आवाज पहिल्या शब्दाला फुटला. मग तिने घाबरलेली माणसं करतात तेच केलं. चारही ओळी एका श्वासात फेकल्या.

"हळू गे," आते म्हणाली. "देव म्हातारे हायत. पायी येतात."

बायका हसल्या. पोरगी हसली नाही. तिने डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. ये गे धरतरी. थांबली. ये गे कणसरी. थांबली. आतेचा सूर तिला लागत नव्हता, ती बोलतच होती, पण तिच्या प्रत्येक शब्दाला पलीकडून कोणी चालत येईल एवढी जागा होती. मांडव झाला, ती म्हणाली, आणि तिने मान वर करून डहाळ्यांकडे बघितलं. पाट मांडला म्हणताना पाटाकडे बघितलं. मी तिचं गाणं कितीतरी वेळा ऐकलं होतं. तसं तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि नंतर तिची जी गाणी लोकांना आवडली ती सगळी त्या चालीने चालतात. चौथी ओळ संपली तेव्हा तिची आई पिवळ्या हातांनी तोंड झाकून रडत होती.

आतेने मान हलवली. "बसले," ती म्हणाली. "आता पुढचं म्हण."

पोरगी उभी राहिली तशीच.

"म्हण की."

"पुढचं मला येत नाय, आते."

"येवढंच येतं?" आतेने सगळ्या मांडवाकडे बघितलं. "अन् येवढ्यावर गावभर नाचलीस?"

मांडव हसायला लागला. आधी नवरा, मग नवरी, मग मी. आतेने बाजूला सरकून जागा केली आणि जमिनीवर हाताने थापटलं. "बस अठं."

ती बसली. आतेने पुढची ओळ म्हटली. पोरीने ती मागून म्हटली आणि चुकली. आतेने तीच ओळ पुन्हा म्हटली.